साहेबांची काळी फीत

आमच्या अकोल्याच्या ऑफिसात संघटनेचे एक भाऊ आहेत. बोलताना ते समोरच्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवतात, म्हणजे कोणी सटकत नाही.

जुन्या पेन्शनसाठी काळ्या फिती लावून काम करायचं ठरलं, त्या सकाळी त्यांनी मला दारातच गाठलं. "काहून घाबरून राहिले तुमी?" म्हणत माझ्या खिशावर फीत टाचली आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी फाईल घेऊन मागोमाग.

साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पेन्शन मलाही हवीच आहे हो."

भाऊंनी त्यांची कॉलर उलटली आणि फीत आतल्या बाजूने टाचली.

संध्याकाळी फिती लावणाऱ्या सगळ्यांना साहेबांनी नोटीस काढली. भाऊंनी ती उजेडात धरली.

"सही हालली पाहा. टाचणी टोचून राहिली असन त्याईले."