न्येले बालोची माफी

न्येले बालोच्या जिभेला हाड नाही, असं आमचं अख्खं सोंगोबुगू गाव म्हणायचं, आणि खोटं नव्हतं ते. लोहाराघरची बाई आमच्याकडे मडकी घडवते. तिचा नवरा बाफिंग फाने दिवसभर भात्यापाशी आणि ही नदीकाठच्या चिखलात. तिथून ती येणाऱ्याजाणाऱ्याला असं काही ऐकवायची की बायका डोक्यावरची घागर सावरत हसायच्या. सगळ्यात जास्त बोलणी खायचा तो पाते सांगारे. तो फुलानी, गुरं राखणारा.

फुलानी आणि लोहार हे सनांकू, म्हणजे थट्टेच्या नात्याचे. हे नातं आजोबा-पणजोबांपासूनचं. पातेने बाफिंगला भर बाजारात "माझा गुलाम" म्हणावं, बाफिंगने त्याला "गायचोर" म्हणावं, आणि ज्याला राग आला त्याची लाज गेली. पातेचा बाप वारला तेव्हा मयत घेऊन निघालेल्या लोकांच्या वाटेत बाफिंग आडवा पडला. म्हणाला, "कुठं नेताय? म्हातारा मेलाबिला नाही! दूध द्यावं लागेल म्हणून सोंग करतोय!" सकाळपासून दगडासारखा बसलेला पाते तेव्हा हसला आणि हसता हसता ढसाढसा रडला. तेच तर काम असतं सनांकूचं. आणि सनांकूने दारात येऊन माफी मागितली, मदत मागितली, तर नाही म्हणायचं नाही. भावाला नाही म्हणता येतं, सनांकूला नाही.

मग गोरे साहेब गेले आणि आमचा देश झाला. त्याआधी गावात दोन पक्ष झाले होते. एकाच विहिरीवर दोन रांगा लागायला लागल्या, ठरलेली लग्नं मोडली, मशिदीतून बाहेर पडताना लोक एकमेकांच्या चपला तुडवायला लागले. काय मिळालं कुणाला, देव जाणे! ज्यांचा पक्ष जिंकला त्यांनी हरलेल्यांचा पक्ष गिळला आणि सांगितलं की आता देश एक, पक्ष एक. बाफिंग हरलेल्यांतला. त्याला ज्याने लोहारकाम शिकवलं तो म्हातारा तिकडे होता म्हणून हाही तिकडे, एवढंच त्याचं राजकारण. पाते जिंकलेल्यांतला. त्याला चार अक्षरं लिहिता येत होती, म्हणून तो गावसमितीचा चिटणीस झाला.

दुसऱ्या वर्षी समितीच्या खोलीत राष्ट्राध्यक्षांची तसबीर लावायची ठरली. सेगू शहराहून पक्षाचा एक माणूस आला होता, गळ्यात टाय, मांडीवर वही. तसबिरीचा खिळा बाफिंगनेच घडवलेला, ठोकलाही त्यानेच. तसबीर टांगली, दोन पावलं मागे सरला आणि सवयीने बोलून गेला, "पात्या, हा कुणाच्या गोठ्यातला बैल भिंतीला आणून बांधलास रे, गायचोरा?"

थट्टा पातेची होती. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. लोकांनी हसायला तोंडं उघडली आणि पातेकडे पाहिलं. आता तो म्हणणार, 'गप रे कोळसेतोंड्या', आणि सगळा हशा होणार. तसं म्हणाला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. पण पातेने टायवाल्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि मूग गिळून बसला. मेल्याला एक शिवी देता आली नाही! उघडलेली तोंडं मिटली. टायवाल्याने वहीत काहीतरी लिहिलं.

तीन दिवसांनी बाफिंगला पकडून नेलं. राष्ट्राध्यक्षांचा अपमान केला, जुन्या पक्षाची फूस होती, असं सांगितलं. न्येले चिखलाच्या हातांनीच पातेच्या दारात गेली.

"पात्या, सनांकू म्हणून आलेय," ती म्हणाली. "सेगूला जा आणि त्या साहेबांना एवढंच सांग, की ही आमची थट्टा आहे, बापजाद्यांची. दुसरं काही नको."

"जातो ना," पाते म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता. "पण दिवस वाईट आहेत, न्येले. माझ्यावरही डोळा आहे त्यांचा."

"तुझ्यासारख्या हाडकुळ्यावर कोण डोळा ठेवतंय? उगाच भाव खाऊ नकोस."

ती थट्टा करत होती. नवरा कैदेत असतानाही करत होती, म्हणजे पातेला आपलं नातं आठवेल. पाते खरंच सेगूला गेला. न्येलेने त्याच्या होडीत बाजरीचं पीठ, शिया झाडाच्या बियांचं तूप आणि नवऱ्याचा धुतलेला अंगरखा ठेवला. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती काठावर उभी होती. त्या दिवशी तिने आवा पेटवला आणि शेजारणीला म्हणाली, "ही मडकी थंड व्हायच्या आत माझा माणूस परत येतो की नाही बघ."

पाते चौथ्या दिवशी एकटाच परतला. "सांगितलं," म्हणाला, "आता त्यांच्या हातात आहे." न्येलेने वाट पाहिली. शेवटी पावसाळा सरल्यावर स्वतःच सेगूला गेली. तुरुंगाच्या दारात पाच दिवस बसली. सहाव्या दिवशी एका म्हाताऱ्या कारकुनाला तिची दया आली. त्याने कागद काढला आणि तिला वाचून दाखवला.

"तुझ्या नवऱ्याला उत्तरेला वाळवंटात पाठवलंय, बाई," तो म्हणाला. "साक्षीदाराने सांगितलंय की आमचं असलं कुठलंही थट्टेचं नातं नाही. तो माणूस मनापासून बोलला, असंही सांगितलंय."

"कोण साक्षीदार?"

"पाते सांगारे. चिटणीस. खाली सही आहे."

न्येले तिथं किंचाळली नाही, रडली नाही. गावात आल्यावरही तिने पातेला शिवी दिली नाही, आणि तेव्हा आम्हाला तिची भीती वाटली. त्यानंतर नदीकाठावरून कुणी हसल्याचं मला आठवत नाही. तिने पुढची सगळी वर्षं दर कोरड्या ऋतूत सेगूच्या वाऱ्या केल्या. एकदा सुटून आलेल्या एका शिक्षकाने सांगितलं की बाफिंग पहिल्याच उन्हाळ्यात गेला, मीठ फोडायच्या कामावर होता. कुठं पुरला ते त्याला माहीत नव्हतं. मयत नाही म्हणून दफन नाही. वाट अडवायला सनांकू लागतो, तोही नाही. आम्ही नुसते तिच्या अंगणात बसलो आणि उठून घरी गेलो. लाज वाटते आज. त्या खोलीत आम्हीही होतो की! आमच्यातल्या एकानेही हसून दाखवलं नाही.

मग एक दिवस सैनिकांनी राष्ट्राध्यक्षांना धरलं. रेडिओवर दुसराच आवाज बोलायला लागला. तसबीर उतरवली आणि पातेला धरून नेलं. महिन्याभराने त्याला सोडलं तेव्हा त्याचा एक पाय वाकडा झाला होता. गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच्या गाईंचं दूध कुणी घेईना, त्याच्या नातवाच्या बारशाला कुणी जाईना. जे स्वतः गप्प बसले होते तेच सगळ्यात जास्त थुंकले.

एका सकाळी पाते लंगडत न्येलेच्या दारात आला. ती मडक्यांना लाल माती फासत होती. तो उंबऱ्याशी गुडघ्यावर बसला.

"न्येले, सनांकू म्हणून आलोय," तो म्हणाला. "माफ कर मला. तू माफ केलंस तर गाव मला परत घेईल."

हे ऐकून माझ्या तर अंगाची लाही लाही झाली. मी शेजारच्या कुडापाशीच होते. वाटलं, आता ही हातातलं मडकं त्याच्या टाळक्यात घालते. कुणी दोष दिला असता का तिला?

न्येलेने हात पुसले. "बाफिंगच्या घराने सनांकूला कधी नाही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "माफ केलं."

पातेचे खांदे गदगदा हलले. तिने त्याला पाणी दिलं, बाजरीचा घट्ट घाटा आणि भेंडीचं कालवण वाढलं. तो अधाशासारखा जेवला. जेवून झाल्यावर बोटं पुसत त्याने हळूच विचारलं, "बाफिंगची कबर कुठे आहे गं? म्हणजे जाऊन दुआ तरी करीन."

"ते मी कुणाला विचारायला हवं होतं?" न्येले म्हणाली. "चिटणीस तू होतास."