सारवलेली मोटार

मला एका जागी बसवत नाही. आता गुडघे कुरकुरतात, तरी दिवसातून दहा वेळा दारापर्यंत जाऊन येते. "हिच्या पायाला भिंगरी हाय," असं सासूबाई लग्नाच्या पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, आणि ते काही कौतुकानं नव्हतं. त्यांचं चुकलंही नव्हतं म्हणा. माझे वडील कालव्यावर पाटकरी होते, कुणाच्या रानाला किती पाणी सुटलं ते बघणारे. दोन-तीन वर्षांनी त्यांची चौकी बदलायची, की आम्ही बैलगाडीत भांडी टाकून कालव्याच्या कडेकडेनं पुढच्या गावाला. नवं अंगण, नवी विहीर, नव्या मैत्रिणी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन जळोचीला आले आणि कळलं, आता हीच चूल आणि हाच उंबरा.

घरात अकरा माणसं. मालक, म्हणजे माझा नवरा, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत मिलिटरीच्या मोटारी दुरुस्त करून परत आलेले. आता ते लोकांच्या विहिरींवर तेलाची इंजिनं बसवायचे. उसाचं रान वाढत होतं, इंजिनं वाढत होती, आणि मालक महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी आले की अंगाला ग्रीसचा वास आणि तोंडात गावांची नावं. आज भिगवण, परवा निमगाव. मी भाकरी थापत ऐकत बसायची. मला त्यांचा हेवा वाटायचा, दुसरा शब्द नाही.

लढाई संपून दहाएक वर्षं झाली असतील. एकदा जेवताना ते सासऱ्यांना म्हणाले, "वरकुट्याला एक गाडी इकायची हाय. मिलिटरीनं लिलावात काढलेली, डिस्पोजलची. चारी चाकं ओढत्यात, काळ्या रानात चिखलातनं बी निगती. वर सुताराकडनं लाकडाची खोली बांधून घेतलीया. तितला एक रस्त्याचा कंत्राटदार बायकूसंगं सात वर्सं ऱ्हातोय तिच्यात. आपल्याला सामान घिऊन गावोगाव फिरता ईल."

"घराला कुणी चाकं लावतंय व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

माझा हात भाकरीवरच थांबला. चाकांवरची खोली, आणि तिच्यात नवरा-बायको सात वर्षं! त्या घटकेपासून मला ती गाडी हवी झाली. रात्री डोळा लागेना, दिवसा हातातलं काम सुचेना. दोनदा कालवणात मीठ घालायचं विसरले. पण मला बरोबर न्याल का, हे काही मी मालकांना विचारलं नाही. अकरा माणसांच्या घरात नवऱ्याला असं विचारायचं कधी आणि कुठं? आणि खरं सांगायचं तर ते नाही म्हणतील याची धास्ती होती. एरवी माझी जीभ साऱ्या जळोचीला माहीत, पण या एका गोष्टीपुढं ती लुळी पडली.

गाडी बघायला जायचं ठरलं. तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, सोबत निघाले. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि मोटार काय नि बैल काय, घेताना फसवणारा माणूसच असतो, असं त्यांचं म्हणणं. माझं माहेर तेव्हा लोणी देवकरला होतं, तिकडंच पुढं सोडू म्हणून मालकांनी मलाही बरोबर घेतलं. सर्व्हिस मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या प्रवासी गाडीत, मी खिडकीशी बसले आणि इंदापूर येईस्तोवर मनातल्या मनात त्या खोलीत भांडी मांडत राहिले.

वरकुट्यात कंत्राटदाराच्या खळ्यावर गाडी उभी होती. पुढं मिलिटरीचं बोथट तोंड, हिरवा रंग अजून तसाच. मागं लाकडी खोली, वर पत्रा, बाजूला झडपांची खिडकी, आणि मागच्या दाराला तीन पायऱ्यांची शिडी. मला रडूच आलं, पण पदर तोंडाला लावून उभी राहिले.

मालकांनी आपलं काम सुरू केलं. हँडल मारून इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून ऐकलं. जॅक लावून एकेक चाक उचललं, हातानं फिरवलं. मग गाडी शेजारच्या भिजवलेल्या रानात घातली. आधी नुसत्या मागच्या चाकांवर, ती रुतली. मग पुढच्या चाकांचा दांडा ओढला, तशी गाडी गुरगुरत चिखलातून वर आली. तात्या बांधावरून ओरडले, "आरं, खांद्याला लई चांगली हाय!" मालक गाडीखाली सरपटून आले, तर तिथं सगळीकडं डांबर फासलेलं. "गंजू नये म्हून मारलंय," कंत्राटदार म्हणाला. त्याला खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

तोवर कंत्राटदाराची बायको मला आत घेऊन गेली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, हात राबून खरखरीत झालेले. आत एका बाजूला भिंतीला दुमडणारी फळी, निजायला. कोपऱ्यात लोखंडी शेगडी, डब्यांना आडव्या पट्ट्या, पाण्याची टाकी. आणि जमीन चक्क शेणानं सारवलेली! मोटारीत! शेगडीपुढं चार बोटांची रांगोळी.

"सारवता तुमी हितं?" मी विचारलं.

"मग? घर हाय न्हवं का ते," ती म्हणाली. "सात वर्सं झाली, एक सोमवार चुकला न्हाय. हे म्हनायचं, फळीला कशाला पोतेरं? मी म्हनलं, बिनसारवल्या जागंत माज्या हातनं चूल पेटायची न्हाय."

मला तिचं पटलं. मीही तेच केलं असतं. पण दाराशी पाहिलं, तर सारवणाचे थरावर थर चढून उंबऱ्याची पट्टी पुरती बुडून गेली होती. टाकीजवळ पाय टाकला, तर जमीन किंचित खाली दबली. घरची भुई कधी अशी दबत नाही. मी वाकले आणि कोपऱ्यातला पोपडा बोटानं उचलला. खालची फळी भिजल्या भाकरीसारखी हातात आली. सात वर्षं, दर सोमवारी, ओलं शेण. वरून सारवण वाळायचं, पण खाली लाकडात ओल तशीच मुरायची. लाकूड गेलं म्हणजे त्याखालचं लोखंडही गेलं असणार, इतकं मलाही कळत होतं.

ती माझ्याकडं बघत होती. "बाई," ती हळूच म्हणाली, "भाईर बोलू नगंस. मला भुईवरचं घर पायजे. आज या गावाला, उद्या त्या गावाला. शेजारीण म्हून कुणी न्हाय. ही गाडी इकली तर हितं खळ्यावर चार भिंती हुत्याल."

मला हसू आलं. माझ्याकडं शेजारणी उतू चालल्या होत्या. तिला भिंती हव्या होत्या आणि मला चाकं, आणि मी गप्प राहिले तर दोघींचं भागणार होतं. फळ्या काय, मालक नंतर बदलतील. मी पोपडा पायानं दाबून बसवला आणि तिला मानेनं हो म्हटलं. हो, मी फसवणुकीत सामील झाले, आणि मला जराही लाज वाटली नाही.

मी बाहेर आले. तात्या आणि कंत्राटदार सौद्याला बसत होते. बैलबाजारात करतात तसा उपरण्याखाली हातात हात, बोटांनी भाव. बाकीच्यांना काही दिसायचं नाही. मला पाहून तात्या मोठ्यानं म्हणाले, "काय सूनबाई, चूल बगितली न्हवं? झालं तर मग! बायामान्साला मोटारीतलं आनिक काय कळायचं?"

कंत्राटदार हसला. त्याचं मला काही नव्हतं. पण मालकही हसले. ते हसले आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"चूल बगितली तात्या," मी म्हणाले, "आन् चुलीखालचं बी बगितलं. तुमी इंजिन बगितलं, चाकं बगितली, पायाखाली कुनी बगितलं का? समदं सडलंय! मान्सानं ऱ्हायची जागा हाय व्हय ती?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटचं वाक्य तर मनातही नव्हतं, तोंडात आलं म्हणून गेलं.

"काय बी बोलतीया," म्हणत तात्या शिडी चढले आणि मला खोटं पाडायला टाकीजवळ पाय आपटला. दुसऱ्याच क्षणी त्यांचा पाय मांडीपर्यंत जमिनीतून आरपार. बाहेरून आम्हाला गाडीखाली लोंबणारी त्यांची वहाण दिसत होती. दोघांनी धरून त्यांना वर काढलं. मी आत पाहिलं, तर कंत्राटदाराची बायको भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्याकडं मला बघवेना.

मालक माझ्याकडं वळूनही न बघता पान्याचं टोक घेऊन गाडीखाली शिरले. बराच वेळ डांबर खरवडल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले ते म्हणाले, "सांगाड्याच्या दोन आडव्या पट्ट्या ग्येल्यात. लांबीचं लोखंड खनखनीत हाय. गाडी घेतो. खोली नगं."

"खोली नगं म्हंजी?" कंत्राटदार म्हणाला.

"खोली तुमी ठिवा. त्या मापानं भाव करा."

मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण त्याआधी ती बाई उठून दारात आली. तिचं तोंड बदललं होतं. "व्हय, ठिवा!" ती म्हणाली. "हितंच भुईवर उतरवा. खाली फळी लागतीच कशाला?"

मग सगळं भराभर झालं. पुन्हा उपरण्याखाली हात गेले. मालकांनी बोल्ट सोडले, गावातली आठ-दहा माणसं वासे घेऊन आली आणि उन्हं कलायच्या आत खोली खळ्याच्या कडेला जमिनीवर टेकली. तिनं सडक्या फळ्या स्वतः उपटून बाहेर फेकल्या आणि शेणाची पाटी आणायला धावली. निघताना मला कुंकू लावलं. "तुज्यामुळं घर झालं, बाई," म्हणाली. राग धरायला हवा होता तिनं, तर आशीर्वाद देत होती. मोटारीची पारख मी केली, तीही बिनचूक केली, आणि ज्याला-त्याला हवं ते मिळालं. मीच तेवढी हात हलवत राहिले.

तात्या लंगडत सर्व्हिस मोटारीनं गेले. उघड्या सांगाड्यावर बसायला त्यांनी साफ नकार दिला. पुढच्या बाकावर मालक आणि मी, दोघंच. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण असं शेजारी-शेजारी आम्ही कधी बसलो नव्हतो. लोणीच्या वाटेला लागेपर्यंत मी दम धरला. मग नाही राहवलं.

"मी आली असती," मी म्हणाले.

"कुठं?"

"तुमच्यासंगं. त्या खोलीत. गावोगाव."

मालकांनी गाडी थांबवली. इंजिन धडधडत होतं. समोर बघत ते म्हणाले, "मग खोलीवाली गाडी मी कुनासाटी बगत हुतो? मला एकट्याला निजाय झाडाखाली बी चालतंय."

"मग खोली नगं कशापाय म्हनलासा?"

"तूच म्हनलीस न्हवं, चारचौघांत? मान्सानं ऱ्हायची जागा हाय व्हय म्हून. मला वाटलं, तुला पसंत न्हाय."

सडलेली फळी मी तिघा पुरुषांत ओरडून सांगितली होती. आणि हे एवढंसं सांगायला मला ती खोली जमिनीवर टेकेपर्यंतचा वेळ लागला होता. त्यांनी तरी कुठं सांगितलं होतं? मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

वरकुटं फार मागं पडलं नव्हतं. वाटही रुंद होती, गाडी वळली असती. मी वळवा म्हणाले नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.