डबीतला निळा दाणा

आमच्या शेजारचे निवृत्त प्राध्यापक दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागं बसून पडेगावच्या खदानीवर यायचे. फुटलेल्या काळ्या दगडांच्या पोकळ्यांत मोहरीहून बारीक स्फटिक असतात. सर डोळ्याला भिंग लावून ते हुडकायचे आणि नाव सांगताना, कुणी चोरून ऐकेल म्हणून, आवाज खाली आणायचे.

एकदा एका पोकळीत निळ्या दाण्यांचा झुबका निघाला. सरांनी चिमट्यानं एक दाणा काढून डबीत कापसावर ठेवला आणि उरलेल्यांचा हातोडीनं भुगा केला.

दगड फोडणारी बाई म्हणाली, "सर, बाकीचे कशाला फोडले? लई देखणे व्हते."

सर डबी पुसत राहिले.

आता घरी येईल त्याला ते तो दाणा मायक्रोस्कोपखाली दाखवतात. म्हणतात, "असा दुसरा कुठं सापडायचा नाही."

खोटं बोलत नाहीत ते.