तळाचा गाळ

“ऐका. जिवंत आहे.”

बिअरच्या बादलीला कान लावून काका एवढंच म्हणायचे आणि समोरच्यालाही कान लावायला लावायचे. आतून बुडबुड आवाज यायचा. तुमच्याही ओळखीत निवृत्तीनंतर बागेला नाहीतर स्वतःच्या गुडघ्यांना वाहून घेतलेले एखादे काका असतील. इथे अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी गाड्यांच्या कंपनीतली नोकरी संपल्यावर गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढल्या आणि तिथे बिअर करायला सुरुवात केली.

दिवाळीला काकूंच्या फराळाबरोबर काकांच्या बाटल्या घरोघर जायच्या. आम्हा शेजाऱ्यांच्या ग्रुपवर लगेच ‘अप्रतिम’, ‘झकास, काका’ असे मेसेज यायचे. ते वाचून काका दिवसभर खुशीत असायचे.

चार माणसांपुढे बोलायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. त्यामुळे मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आनंदाच्या आधी त्यांना धडकीच भरली. मुलगा अमेरिकन, आणि इथल्या लग्नात मुलीच्या बापाने ग्लास उंचावून भाषण करायचं असतं. मुलगी बापाला ओळखून होती. “नो स्पीच, बाबा. फक्त तुमची बिअर द्या सगळ्यांना. ती दिवाळीवाली.” काकांनी तिथेच शब्द दिला. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

लग्नाला महिना असताना, जुलैच्या लाँग वीकेंडला, त्यांनी बार्लीचं गोड पाणी उकळून थंड केलं. मी मदतीला, म्हणजे गप्पा मारायला, गेलो होतो. त्यात घालायचं पातळ यीस्ट त्यांनी आदल्या दिवशीच काचेच्या चंबूत जागं करून ठेवलं होतं. कुठे? आपल्या घरांत इडलीचं पीठ फुगायला ठेवतात तिथे. ओव्हनमध्ये, आतला दिवा लावून.

काकूंना नानकटाई करायची होती. त्यांनी सवयीने पिठाचं पातेलं बाहेर काढलं आणि ओव्हन सुरू केला. मागचा चंबू त्यांना दिसलाच नाही. थोड्या वेळाने घरभर पावासारखा वास सुटला. “हू इज बेकिंग ब्रेड?” मुलीने विचारलं आणि काका धावले.

चंबू निवेपर्यंत ते ओट्याशी उभे होते. मग त्यांनी कान लावला. बराच वेळ लावला.

“गेलं,” ते म्हणाले.

“अहो, मी पाहिलंच नाही.” काकू रडवेल्या झाल्या.

“तुझी काय चूक? आपल्याकडे ओव्हन म्हणजे कपाटच.”

यीस्टचं दुकान सुट्टीमुळे आठवडाभर बंद. ऑनलाइन मागवलं तर यायला आठवडा, आणि तेवढा उशीर झाला की बिअर लग्नापर्यंत तयार होणं अशक्य. मुलीने त्यांचा हात धरला. “इट्स ओके, बाबा. वी विल जस्ट बाय सम.” काकांनी मान हलवली आणि गॅरेजमध्ये जाऊन रिकाम्या खोक्यावर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकू डोळे पुसत मागून आल्या. “माझं विरजण संपलं तर मी शेजारून मागून आणते. तुमच्या बाटलीच्या तळाशी तो पांढरा गाळ असतो, तो कसला?”

काका ताडकन उभे राहिले. “यीस्टच ते. हेच यीस्ट.”

पण घरातल्या सगळ्या बाटल्या त्यांनी वाटून टाकल्या होत्या. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘दिवाळीची एखादी बाटली चुकून कुणाकडे उरली आहे का?’

मग एकेक घर खाली मान घालून त्यांच्या ड्राइव्हवेवर येऊ लागलं. कुणाची बाटली लोणच्याच्या बरणीमागची, कुणाची बेसमेंटमधली, धूळ बसलेली. माझ्या तर जशा आल्या तशाच खोक्यात होत्या. घरी केलेली बिअर म्हटल्यावर पोटाची काळजी सगळ्यांनीच घेतली होती. एकही बाटली कुणी उघडली नव्हती.

काकांनी त्या बाटल्यांच्या रांगेकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“अप्रतिम होती ना?”

मी बाटल्यांवरची धूळ पुसायला लागलो. आणि काका हसायला लागले, ते खोक्याचा आधार घेईपर्यंत हसले. “बरं झालं यार. प्यायला असतात तर मी मेलो असतो.”

वरची बिअर वाया घालवायची नाही म्हणून आम्हाला ती तिथेच प्यावी लागली. खरंच चांगली होती. आम्ही पुन्हा ग्लास पुढे केले तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गोड पाणी झाकून गॅरेजच्या फ्रीजमध्ये गेलं. सगळा गाळ त्यातल्याच वाटीभर पाण्यात, तो जागा झाल्यावर चंबूभर पाण्यात, असा काकूंच्या देखरेखीखाली वाढवत नेला. चंबूला ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती, आणि तो ओव्हनपासून लांब होता.

सोमवारी सकाळी काका चपला न घालताच आमच्या दारात आले. “चला, ऐका.”

लग्नात ग्लास भरले गेले आणि कुणीतरी रीतीप्रमाणे काकांच्या हातात माइक दिलाच. मुलगी घाईने उठायला लागली. काकांनी तिला खुणेने बसवलं. माइक खाली ठेवला, ग्लास कानाला लावला आणि म्हणाले, “प्लीज, लिसन.”

आधी आम्ही शेजाऱ्यांनी ग्लास कानाला लावले. मग मुलाच्या आईवडिलांनी, मग सगळ्या हॉलने. एवढ्या माणसांत फक्त फेसाची बारीक सरसर ऐकू येत होती. मुलगी ग्लास कानाला धरून हसत होती आणि रडत होती. मला काकांचा इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवायला मीच पहिला उठलो.

आता ते दोघं मुलीजवळ राहायला गेले आहेत, पार पोर्टलंडला. त्या गॅरेजमध्ये पुन्हा गाड्या उभ्या असतात. अधूनमधून त्यांचा फोन येतो. मी हॅलो म्हणतो, पण पलीकडून कुणी बोलत नाही. नुसती बुडबुड ऐकू येते.




मी फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहतो.