कार्यक्षेत्राबाहेरची नोंद

सॉफ्टवेअरची स्क्रीन कशी आखायची याची आमच्या पुण्याच्या ऑफिसात एक पद्धत आहे. पाच टप्प्यांची. आधी वापरणाऱ्याचं ऐकायचं, मग त्याचं काम कागदावर मांडायचं, मग स्क्रीन आखायची, मग चार माणसांना वापरायला देऊन बघायचं आणि शेवटी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती सोपवायचं. आमचे साहेब हे पाच टप्पे असे सांगतात, जणू त्यांच्याआधी जगात कुणी कुणाचं ऐकलंच नव्हतं. मीही काही कमी नव्हते. नव्याने लागलेल्यांना शिकवताना मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून बोलायचे. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

एका संस्थेचं काम आलं होतं. गावोगावच्या सिस्टरनी गरोदर बायकांची नोंद वहीऐवजी मोबाईलवर करायची, त्यासाठी ॲप. पद्धतीप्रमाणे आम्ही आधी एक काल्पनिक बाई तयार केली. नाव दिलं ‘ग्रामीण सेविका’. फोटो इंटरनेटवरून घेतला. कडक इस्त्रीची साडी, दात दाखवणारं हसू, मागे हिरवंगार शेत. खाली तिच्या आवडीनिवडी लिहायच्या असतात. तिला चहा आवडतो, असं मी लिहिलं. एवढ्या सगळ्या उद्योगात खरं निघालं ते तेवढंच.

मग खऱ्या सिस्टरना फोन केले. त्यातली एक म्हणाली, “पहिलटकरीन कुठल्या गावची लिवायची, ते आदी सांगा. नोंद सासरी अन् बाळतपन माहेरी. आमची निमी दगदग त्यातच हाय.” मी ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून काचेच्या भिंतीला चिकटवलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, “मुद्दा चांगलाय, पण याने फ्लो बिघडतो.” एक सिस्टर, तिची ठरलेली गावं, त्या गावांतल्या बायका, एवढं सरळ चित्र त्यांना हवं होतं. चिठ्ठी ‘नंतर पाहू’ या रकान्यात गेली. ती मीच काढली आणि मीच तिकडे लावली, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

त्या खोलीत आम्ही सहा जण होतो. सहाच्या सहा मराठी. सहाही जण आजोळी जन्मलेले. खुद्द साहेबांची बायको त्या महिन्यात बाळंतपणाला लातूरला माहेरी गेली होती आणि दर शुक्रवारी ते चार वाजताच बॅग उचलून पळायचे. एखाद्या परदेशी माणसाने ही चूक केली असती तर त्याला माफ तरी करता आलं असतं. आम्ही काय सांगणार? पद्धत शिकता शिकता आम्ही आमचं घरच विसरलो होतो.

सिस्टरने दुसऱ्या गावची नोंद शोधली तर काय दाखवायचं, हे काम माझ्याकडे होतं. मी एक लाल चौकट केली. तिच्यात लिहिलं, ‘ही नोंद आपल्या कार्यक्षेत्राबाहेरची आहे.’ खाली एकच बटण, ‘ठीक आहे’. तो लाल रंग फार भडक नको, फार फिका नको, म्हणून मी दोन दिवस घातले. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी ते हावऱ्यासारखं ऐकून घेतलं.

पुढे मला दिवस गेले. सातव्यात आई स्वतः पुण्याला येऊन मला घेऊन गेली. आमचं गाव परभणीहून पोखर्णीला जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. माझी तपासणी पुण्यात मोठ्या डॉक्टरकडे झाली होती, फाईल होती, पण आईचं म्हणणं असं की गावात राहायचं तर गावच्या सिस्टरला दाखवून ठेवलेलं बरं. म्हणून एका सकाळी आम्ही दोघी उपकेंद्रात जाऊन बसलो.

आमच्या आधी एक विशीतली पोरगी आणि तिची आई होती. पोरीचं सासर राणीसावरगावकडे, चार दिवसांपूर्वी माहेरी आलेली. पाय सुजलेले, आणि सकाळपासून डोकं दुखत होतं. सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. दीडशेच्या वर होतं.

“सासरी कुनी सांगितलं व्हतं का, बीपी वाढलंय म्हनून?”

“गोळ्या दिल्ल्या व्हत्या. कशाच्या ते न्हाई म्हाईत. संपल्या.”

“कार्ड कुठाय?”

“सासूच्या कपाटात. तिथल्या बाई म्हनल्या, आता सगळं मोबाईलवर हाय, कुठंबी दिसंल.”

पोरीची आई मध्येच बोलली, “सिस्टर, उनात चालत आली, तेच्यानं झालं असंल. उद्या चोळी हाय तिची, पाव्हने येनार हायेत. परवा बगू की.” चोळी म्हणजे ओटी भरण्याचा कार्यक्रम, आणि त्यासाठी घरात पुरणाची तयारी झालेली.

सिस्टरनी मोबाईल काढला. स्क्रीन उघडली. माझीच होती. वरची पट्टी, गोल कोपऱ्यांची बटणं, सगळं माझं. त्यांनी पोरीचा फोन नंबर टाकला. लाल चौकट आली. त्यांनी ‘ठीक आहे’ दाबलं. चौकट गेली आणि काहीच राहिलं नाही. पुन्हा टाकला, पुन्हा चौकट. नवीन नोंद करायला गेल्या तर म्हणे, ही बाई आधीच नोंदलेली आहे.

“बगा,” सिस्टर माझ्या आईला म्हणाल्या, “हाय बी म्हनायलंय अन् दावना बी. जेनं हे केलं, त्याच्या घरी कुनी बाळंतच झालं न्हाई का?”

मी उठून बाहेर गेले आणि साहेबांना फोन लावला. मागे बसलेल्या पोरीला उद्याच्या उद्या काहीही होऊ शकतं, एवढं मला कळत होतं. नोंद उघडून द्या, मी म्हणाले, लगेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “अगं, ती एज केस आहे, क्वचित कधीतरी होणारी. पुढच्या टप्प्यात घेऊ या. तू मेल टाकून ठेव.” आणि मग अगदी मायेने, “तू कशाला टेन्शन घेतेस? माहेरी आहेस ना, आराम कर.” मला इतका संताप आला की मी फोन तसाच बंद केला.

आत आले तोवर सिस्टरनी मोबाईल टेबलावर पालथा घातला होता आणि स्वतःच्या साध्या फोनवरून त्या कुणाशी तरी बोलत होत्या. पोरीच्या सासरच्या सिस्टरचा नंबर त्यांनी दोन फोन करून मिळवला होता. तिकडच्या बाईंनी जुनी वही काढली, पान सापडलं. सहाव्या महिन्यापासून बीपी, गोळ्या चालू, सोडायच्या नाहीत, लाल शाईत अधोरेखित. सगळं मिळून चहा पिण्याएवढा वेळ लागला.

“चोळी ऱ्हाऊ द्या, मावशी,” सिस्टर म्हणाल्या. “आत्ता परभनीला दवाखान्यात न्यायचं हिला. म्या गाडी बोलिवली.” पोरीची आई रडायला लागली, पण मग उठली. पोरगी घाबरून सिस्टरचा पदर सोडत नव्हती. त्यांनी तो हळूच सोडवला आणि तिला गाडीत बसवलं. आठवड्याने कळलं, पोर लवकर झालं, वजनाला हलकं, काचेच्या पेटीत ठेवलंय, पण मायलेकरं दोघं आहेत. ते कळेपर्यंत मी धड जेवले नव्हते.

गाडी गेली आणि माझी पाळी आली. सिस्टरनी वही ओढली, माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, सासर पुणे लिहिलं. माझ्या दंडाला पट्टा बांधत विचारलं, “काम काय करता, ताई?”

कॉम्प्युटरवर काम करते, एवढं सांगून सुटता आलं असतं. आई तेच सांगायला तोंड उघडत होती. मी म्हणाले, “सिस्टर, ते मोबाईलवरचं मीच आखलंय. ती लाल चौकट माझीच.”

त्या चिडतील असं मला वाटलं होतं. चिडल्या असत्या तर पाच टप्पे, साहेब, फ्लो, असं काहीतरी मी तोंडावर फेकलं असतं. पण त्यांनी पट्ट्यातली हवा सोडली, चष्मा काढला, माझ्या पोटाकडे बघितलं, मग शेजारी पिशवी धरून बसलेल्या माझ्या आईकडे बघितलं. आणि खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तशा आवाजात म्हणाल्या,

“मंग हे आखताना, ताई, तुमी सोता बाळतपनाला कुठं जानार व्हत्या?”