माझ्या मोगऱ्याचा राब झाला

मैत्रिणींनो, दुपारपासून माझं डोकं नुसतं तापलंय.

लोणावळ्याच्या ह्या रेल्वेच्या चाळीत मी आयुष्यातली पहिली बाग आखली. दोरी धरून गोल वाफा केला, कडेला विटा लावल्या, माहेरच्या मोगऱ्याच्या फांद्या रोवल्या. वैशाखात ओल टिकावी म्हणून वर पालापाचोळा पसरला.

आज आंदर मावळातून ह्यांचे चुलते, आबा, आले. मी स्वयंपाकात होते. धूर दिसला म्हणून धावत बाहेर आले, तर वाफा धडाधड पेटलेला!

"सूनबाई, राब रचलास पन भाजलाच न्हाईस. म्या लावली काडी. आता भाताची रोपं लय जोमानं येतील," आबा कौतुकानं म्हणाले.

पेरणीआधी पालापाचोळा रचून जमीन भाजायची, म्हणजे राब करायची, त्यांची जन्माची सवय. त्यांच्यावर काय चिडू? पण हे तिथंच उभे होते. खाली मोगरा आहे, हे ह्यांना ठाऊक होतं. वर हसून म्हणाले, "चार काटक्याच तर होत्या!"

आबांच्या भातखाचरातलं ढेकूळ हलवायचं तरी हे आधी आबांना विचारतात. मला साधी हाक मारली नाही. तुमच्या अंगणात तुम्हाला विचारतं का हो कुणी?