गाठोड्याचं रजिस्टर

१७ फेब्रुवारी. सकाळी हलका गारवा, अकरानंतर ऊन चटकायला लागलं. वारा नाही.

आमच्या डेपोतली कंडक्टर रेखा आज सकाळी आठला दवाखान्यात दाखल झाली. ही तिची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा ती रिकाम्या हातानं घरी आली होती. एकदा चौथ्या महिन्यात, एकदा सहाव्यात. तिच्या नवऱ्याचा फोन यायचा आहे. कामात लक्ष लागेना, म्हणून गेल्या वर्षीची डायरी काढून बसलो.

मी डेपोतला आस्थापनेचा बाबू. रजेचे सगळे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. ताप आला, साळ्याचं लग्न आहे, सोयाबीन काढायला आलं, या रजांचे किस्से होत नाहीत. सही झाली की विषय संपला. प्रसूती रजेचं तसं नाही. बाई येते, खुर्ची ओढते आणि आधी कॅलेंडर मागते. रजा एकशे ऐंशी दिवसांची. त्यातले बाळंतपणाआधी किती घ्यायचे आणि नंतर किती, हा हिशेब प्रत्येकीचा वेगळा. तो मांडायला ती माझ्यासमोर बसते आणि उठताना एक किस्सा टेबलावर ठेवून जाते. मी फक्त तारीख घालून उतरवून ठेवतो.

*

तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण कंडक्टर बाईला तेच तीन महिने गाडीत उभ्यानं हादरे खात काढावे लागतात. त्यामुळे न सांगता सांगायची एक पद्धत आमच्या डेपोत पडली आहे. बाई येते आणि म्हणते, "भाऊ, मले ढाणकीची ड्युटी नका लावू."

ढाणकीचा रस्ता सगळ्यांत खड्ड्यांचा. कारण विचारायचं नाही. मी डायरीत तिच्या नावापुढे पेन्सिलीनं एक ठिपका देतो आणि कंट्रोलरला सांगून तिला जवळचा मार्ग मिळवून देतो.

गेल्या वर्षी तीन ठिपके पडले. एक वनिताचा, एक रेखाचा आणि एक देवरावचा. देवराव पन्नाशीचा कंडक्टर. त्यालाही ढाणकी नको होती. त्याला मणक्याचा त्रास निघाला, मी ठिपका खोडला. पण आमच्या सगळ्यांत जुन्या कंडक्टर नलूताईनं डायरीत डोकावून पाहिलं होतं. त्यानंतर महिनाभर ती त्याला डेपोच्या फाटकात गाठायची.

"काहून देवरावभाऊ, आंबट खावंसं वाटते काय?"

*

वनिताचं पहिलंच बाळंतपण. अर्ज घेऊन आली, सगळे रकाने भरलेले, एक सोडून. 'रजेच्या काळातील पत्ता'.

"हा रिकामा कसा, वनिता?"

"भाऊ, पहिलं बाळंतपण माहेरी, असं आई म्हणते. उमरखेडले. सासूबाई म्हणते, दवाखाना इथं जवळ, तं तिकडं कायले?"

मी म्हटलं, दोन दिवसांत ठरव. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन आला, "भाऊ, उमरखेडचाच पत्ता लिहाजा." दुपारी सासूबाई स्वतः डब्यात शेवया घेऊन आल्या. पत्त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त जाताना म्हणाल्या, "आमचं घर डेपोपासून किती जवळ हाये पाहा!"

तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. पत्त्याच्या रकान्यात वनितानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'दोन्हीकडचे बोलून राहिले आहेत. ठरल्यावर कळवीन.'

आमच्या डेपो मॅनेजरनी, म्हणजे डी. एम. साहेबांनी, तो तसाच मंजूर केला!

*

आता गाठोड्याविषयी. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विकत आणू नये, घरात तर ठेवूच नये, हे आमच्या भागात पुष्कळ घरी पाळतात. आणि जन्मल्यावर पहिले कपडे नवे घालत नाहीत, दुसऱ्या धडधाकट लेकराचे जुने घालतात. नलूताई आमच्याकडची पहिली महिला कंडक्टर. तिचा मुलगा सव्वा महिन्याचा झाला तेव्हा तिनं त्याचे कपडे धुऊन, गाठोडं बांधून डेपोत आणले, पुढच्या बाईसाठी. विश्रांती कक्षाला कुलूप नाही, माझ्या कपाटाला आहे. म्हणून गाठोडं माझ्या कपाटात आलं ते आलंच. पहिल्या काही जणींनी त्यात भर घातली. नलूताईचा तो मुलगा आता दहावीला आहे.

वस्तू जाते आणि परत येते, तेव्हा नोंद हवी. मी एक रजिस्टर घातलं. कोणी नेलं, कधी नेलं, किती नग, परत कधी. पुढचं नाव मी आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवतो, म्हणजे गोंधळ होत नाही.

रेखाचा तिसरा महिना उलटला आणि तिला चौकशीच्या खिडकीवर बसायचं काम मिळालं. खिडकी माझ्याच खोलीत. मी रजिस्टर उघडून वनिताच्या नावाखाली पेन्सिल टेकवली, तर ती म्हणाली, "माझं नाव नका लिहू, भाऊ."

"पेन्सिलीनंच लिहितो."

"पेन्सिलीनंही नका."

मी एक ओळ कोरी सोडली.

*

सप्टेंबरमध्ये ऑडिट आलं. ऑडिटर साहेब निवृत्तीला आलेले, बोलणं कमी. माझं कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातल्या फाइली पाहिल्या, खालच्या कप्प्यातून गाठोडं काढलं आणि टेबलावर सोडलं. डी. एम. साहेबांचा चेहरा पडला.

"हे काय?"

"बाळाचे कपडे, साहेब."

"डेपोच्या कपाटात?"

मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचलं. मग एकेक नग मोजला. झबली नऊ, दुपटी सहा, टोपडी चार. टोपड्यांतलं एक पिवळ्या लोकरीचं होतं, नलूताईनं विणलेलं, गोंडा तुटलेला. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. खिडकीवरून रेखा मान वळवून पाहत होती.

शेवटी त्यांनी हिरव्या शाईनं रजिस्टरवर टिक केली आणि डी. एम. साहेबांना म्हणाले, "तुमच्या डेपोत हे एकच रजिस्टर पूर्ण भरलेलं दिसते!"

*

ड्रायव्हर गजाननची बायको बाळंत झाली तेव्हा तो थेट माझ्याकडे आला.

"भाऊ, बापाले काही रजा नसते काय?"

"वेगळी नाही. तुझी हक्काची शिल्लक आहे, त्यातून घे."

त्यानं पंधरा दिवस मागितले. कारण लिहिलं, 'पत्नीस मदत'. नलूताई म्हणाली, पहिला मर्द पाहिला बाप्पा असं लिहिणारा! सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

पाचव्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला.

"भाऊ, ह्यायची रजा क्यान्सल होते काय?"

"होते. पण काय झालं?"

"दर घंट्याले च्या मांगते अन् लेकरू निजलं का त्याले उठवून पाह्यते. ह्यायले गाडीवर पाठवा. मले दोन दोन लेकरं नाही सांभाळवत!"

सहाव्या दिवशी गजानन दिग्रसच्या गाडीवर होता.

*

ऑक्टोबरात वनिताची ओटी भरायचं ठरलं. पत्त्याचा वाद अजून मिटला नव्हता, पण ओटी डेपोत, याला दोन्हीकडची हरकत नव्हती. बायकांच्या ड्युट्या पाहून दुपारी सव्वादोनची वेळ काढली. कंट्रोलरनं माईकवरून सांगितलं, "फलाट दोनची गाडी कार्यक्रमामुळं दहा मिनिटं उशिरा सुटेल."

प्रवाशांना वाटलं, पुढारी येणार!

रेखाचा तेव्हा सहावा महिना चालू होता. तिची ओटी भरण्याबद्दल नलूताईनं आधीच विचारलं होतं. रेखा नको म्हणाली आणि त्या वेळी मुद्दाम खिडकीवरच बसून राहिली. विश्रांती कक्षातून गाण्यांचा आवाज येत होता. ती समोरच्या माणसाला उमरखेडच्या गाडीची वेळ दुसऱ्यांदा सांगत होती.

तेवढ्यात फलाट दोनच्या गाडीतून एक म्हातारी उतरली. कार्यक्रम कुठे आहे ते विचारायला खिडकीशी आली आणि रेखाकडे पाहून थबकली.

"अवो माय, तूच काय ते? मंग इथं काहून बसली?"

रेखा काही बोलायच्या आत तिनं पिशवीतून एक पेरू काढला आणि खिडकीच्या फटीतून आत धरला.

"माह्याजवळ नारळ नाही. हा घे. वटीत घे, हातात नाही."

मी मान खाली घालून फाइल वाचत होतो. रेखानं खाकी ओढणी पसरली आणि पेरू घेतला. मग तो ड्युटीच्या पिशवीत ठेवला. खिडकीवर बसायला पिशवी लागत नाही, पण ती रोज आणायची.

बाहेर कंट्रोलर ओरडला, "आजी, गाडी सुटून राह्यली!"

"सुटत असन तं सुटू दे. दहा मिनटं तुमीच थांबवली ना!"

*

वनिताला नोव्हेंबरात मुलगा झाला. इथेच, सासूबाईंच्या जवळच्या दवाखान्यात. दवाखान्यातून ती उमरखेडला गेली, म्हणजे दोन्ही पत्ते बरोबर ठरले.

तिचा नवरा गाठोडं न्यायला आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे मोजलं. झबली नऊ. दुपटी सहा. टोपडी तीन.

पुन्हा मोजलं. तीनच. पिवळं नव्हतं. रजिस्टर घातल्यापासूनच्या चौदा वर्षांत नग कमी भरण्याची ही पहिलीच वेळ. मी सगळं कपाट रिकामं केलं. रेखानंही उठून दोन-चार फाइली हलवून पाहिल्या.

नलूताई म्हणाली, "उंदरानं नेलं असन."

"उंदीर टोपडं नेऊन काय करेल?"

"थंडी पडली ना, भाऊ!"

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'पिवळे टोपडे एक कमी. शोध चालू.' आठ दिवस विश्रांती कक्ष, कंट्रोलरची केबिन आणि वर्कशॉपमधलं पुसायच्या चिंध्यांचं पोतंसुद्धा पाहून आलो.

*

१७ डिसेंबर. थंडी, सकाळी धुकं. रेखाला आठवा लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, आराम केला तर बरं, पण बसून काम असेल तर चालेल. म्हणजे ठरवायचं तिनंच. ती कॅलेंडर घेऊन समोर बसली. नलूताई शेजारी.

"माह्यं ऐकशीन तं दहा दिवस आधी जाय," नलूताई म्हणाली. "आतापासून घरी बसली, तं लेकरू चार महिन्याचंही होत नाही अन् तू गाडीवर. दुधाचं पोट्टं घरी ठेवून तिकिटं फाडशीन काय?"

हे खरंच होतं. खिडकीचं काम बसून होतं, पंखा होता, घर जवळ होतं. मी दोन्ही हिशेब कागदावर मांडून दिले. एका बाजूला नंतरचे एकशे सत्तर दिवस, दुसऱ्या बाजूला साधारण एकशे वीस.

रेखानं दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं.

"ताई, मागच्या दोन्ही बखत म्या दिवस वाचवूनच ठेवले होते."

नलूताईनं कॅलेंडर उचलून भिंतीला लावलं. मी अर्जात तारीख घातली, १८ डिसेंबर.

*

इथपर्यंत वाचून डायरी मिटली. संध्याकाळी डेपो सोडेपर्यंत फोन आला नाही.

१८ फेब्रुवारी. आभाळ स्वच्छ, कालच्यापेक्षा ऊन जास्त.

सकाळी पावणेसातला फोन आला. रेखाचा नवरा. "भाऊ, पोरगी झाली! पाच चाळीसले. दोघी चांगल्या हायेत." आणि त्यानं फोन ठेवला.

अकरा वाजता रेखाची सासू डेपोत आली. डोळे रात्रभर जागलेले.

"बाबू, ते जुने कपडे पाह्यजे. नलूनं सांगतलं, तुमच्या कपाटात हायेत."

वनिताकडून गाठोडं जानेवारीत धुऊन परत आलं होतं. मी ते टेबलावर सोडलं आणि त्यांच्यासमोर मोजलं.

"झबली नऊ, दुपटी सहा. टोपडी मात्र तीनच आहेत, माय. चार होती. एक पिवळं सापडत नाही."

"पिवळं? गोंडा तुटलेलं?"

"हो."

"ते तं पोरीच्या डोक्यावर हाये! रेखाच्या ड्युटीच्या पिशवीतून निघालं, रुमालात बांधलेलं. म्या म्हटलं, इतकं जुनं कोठून आणलं वो? तं तिनं ते पोरीच्या कानावर ओढून घेतलं."

मी रजिस्टर उघडलं. कोऱ्या ओळीत शाईनं नाव लिहिलं आणि सासूबाईंचा अंगठा घेतला.

मुलगी. वजन दोन किलो सातशे. रजा बाळंतपणाआधी बासष्ट दिवस, नंतर एकशे अठरा. झबली नऊ, दुपटी सहा, टोपडी चार.